माझा चेहरा आणि मेस्सी

दुसऱ्याच्या आवडीचं काहीही मी बघू शकतो. फक्त त्या वेळी त्याने माझ्याकडे बघू नये.

मेहुणा मोबाईल माझ्या नाकाखाली धरून "आतां पळयात, भावोजी, पळयात!" (म्हणजे बघा, बघा!) म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे पडद्यावर नसतात. ते माझ्या भुवयांवर असतात. त्या वर जायला हव्यात. माझ्या भुवया जन्मजात सुस्त. बायको सांगते, अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी फोंडा स्टँडवर बसची वाट बघत असल्यासारखा दिसत होतो.

मी क्रिकेटवाला, आणि सासुरवाडी मडगावची! फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की तिथल्या खांबाखांबावर अर्जेंटिना, ब्राझील, पोर्तुगाल. मेहुणा अर्जेंटिनाचा, सासरे ब्राझीलचे. एका घरात दोन कुळदैवतं. जावयाने दोघांनाही हात जोडायचे.

१८ डिसेंबर २०२२, फायनल. रविवारची रात्र, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, म्हणजे निसटायला सबबही नाही. ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरल्याला नऊ दिवस झाले होते. दहावं व्हायचं असल्याने सासरे कोपऱ्यात गप्प. अर्जेंटिना दोन-शून्य पुढे. स्वयंपाकघरातून सुंगटांच्या हुमणाचा, म्हणजे कोळंबीच्या कालवणाचा, वास येत होता आणि मला काही सुचत नव्हतं. एकोणऐंशीव्या मिनिटाला मी निव्वळ सद्भावनेने म्हणालो, "झालं की आता. पानं घ्यायची का?"

पुढच्याच मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी. गोल. अर्धवट उठलेला मी हळूच खाली टेकतो न टेकतो, तोच त्याचा दुसरा. दोन-दोन.

कोणी फ्रान्सच्या बचावफळीला, नाही, अर्जेंटिनाच्या बचावफळीला दोष दिला नाही (बघा, अजून माझा गोंधळ होतो). सगळं घर माझ्याकडे बघत होतं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र नऊ दिवसांत पहिल्यांदा तरतरी आली.

जादा वेळेत मेस्सीने पुन्हा गोल केला. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. शेवटी शेवटी घसा खाकरला. नुसता खाकरला! एम्बापेचा तिसरा. तीन-तीन.

"भावोजी," मेहुणा शांतपणे म्हणाला, "तुम्ही जरा बाल्कांवात बसता?"

बसलो. शेजाऱ्यांचा कुत्रा सोबतीला होता. तोही बहुधा काहीतरी बोलला असावा. आतल्या किंकाळ्यांवरून हिशेब लावत राहिलो आणि अखेर फटाक्यांवरून निकाल समजला : पेनल्टीवर चार-दोन, अर्जेंटिना विश्वविजेते. मेहुणा धावत बाहेर आला, मला कडकडून मिठी मारली आणि रडला. "तुम्ही बाहेर होता म्हणून!" हुमण रात्री बारा वाजता खाल्लं. गार.

एवढं सोसल्यावर मलाही हक्क होताच. एका रविवारी मी त्याला समोर बसवून दिलीप सरदेसाई सांगायला घेतले. तुझ्याच मडगावात जन्मलेला माणूस! १९७१ साली किंग्स्टनला २१२, वेस्ट इंडिजला फॉलोऑन, मालिकेत ६४२ धावा, तिथे आपला पहिला मालिकाविजय! दाखवायला चित्रफीत नव्हती, म्हणून मी उठून लाटण्याने स्वीप मारून दाखवला. आणि माझ्या लक्षात आलं, मी लाटण्याकडे बघतच नाहीये. मी मेहुण्याच्या भुवयांकडे बघतोय.

त्या हलल्या नाहीत. तो विचार करून म्हणाला, "पण त्या मालिकेत जास्त धावा गावसकरच्या ना?"

गावसकरच्या ७७४. खरं आहे. पण असं कोणी बोलतं का? मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. बायको म्हणाली, "एवढं काय लागलं?" तिला कसं सांगणार?

परवा मेहुण्याचा फोन आला. पुढच्या वर्ल्ड कपसाठी त्याने बाल्कांवात माझ्याकरता खास वेताची आरामखुर्ची घेतली आहे. पंखाही लावणार म्हणे. फक्त दार आतून बंद राहील.

मी विचारलं, "आणि जेवण?"

"खिडकीतून देऊ."