सिंगापूरला सरळ होणारा माणूस सांगलीत वाकडा का चालतो? एका फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. फुटपाथ दिले तरी रस्त्यावरून चालतात, झेब्रा सोडून कुठूनही आडवे घुसतात, गाड्या उलट्या बाजूने घालतात. म्हणून रस्ते रुंद करा, जागोजागी स्पीड ब्रेकर ठोका, दंड दसपट करा. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: "हाच माणूस सिंगापूरला उतरला की सरळ होतो."

या शेवटच्या वाक्यानेच वरचा सगळा मजकूर निकालात निघतो. विमानाच्या एका फेरीत कुणाचं रक्त बदलत नाही. माणूस तोच राहिला, पायाखालचा रस्ता बदलला. तिथे दंड कडक आहे, हे खरंच. पण पोलीस नजरेत नसतानाही तो फुटपाथवरून चालतो, कारण फुटपाथ सलग आहे, सपाट आहे आणि रस्त्यावर उतरण्यापेक्षा सोपा आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

"फुटपाथ दिले तरी लोक रस्त्यावरून चालतात."

दिले म्हणजे नेमकं काय दिलं? आपल्याकडचे बरेच फुटपाथ म्हणजे गटारीचं झाकण. गटारीची भिंत जिथवर येईल तिथवर फुटपाथची उंची, मग ती नऊ इंच असो की सव्वा फूट. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या नियमावलीत कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच आहे. गुडघेदुखीच्या माणसाला सहा इंच चढता येतात, सव्वा फूट नाही. त्याच नियमावलीत चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर आणि बाजारपेठेत 2.5 मीटर सांगितली आहे. 'मोकळी' या शब्दाकडे ठेकेदार आणि अभियंता दोघांचीही नजर जात नाही. दोन मीटरच्या फुटपाथवर मधोमध विजेचा खांब रोवला की उरतात ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. त्यात डीपीचा, म्हणजे विजेच्या पेटीचा, चौथरा आणि दुकानाची पायरी आली की संपलं.

सगळ्यात मोठी चूक होते ती गेटपाशी. प्रत्येक घरासमोर फुटपाथ तोडून उतार करतात आणि पुढे पुन्हा चढवतात. शंभर मीटरमध्ये दहा गेटं असली तर दहा उतार, दहा चढ. भाजीची पिशवी घेतलेली बाई पहिल्या दोन गेटांनंतर खाली डांबरावर उतरते. यात बेशिस्त कुठली? ती सपाट वाट निवडते. बरोबर पद्धत उलटी आहे: चालण्याचा पट्टा गेटासमोरही त्याच पातळीत सलग ठेवायचा आणि गाडीसाठीचा चढ कर्बलगतच्या पाऊण-एक मीटरच्या पट्ट्यात बसवायचा. चढायचं ते गाडीने. गल्लीच्या तोंडाशी मात्र व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार हवा. सहा इंच उंचीला तो 1.8 मीटर लांब होतो. फूटभर उंच फुटपाथला तोच उतार साडेतीन मीटरच्या पुढे जातो, म्हणून तो कधी होतच नाही.

सांगलीत यात काळ्या मातीची भर. फुटपाथखाली नळासाठी खणलेल्या चरात तीच काळी माती परत ढकलून वर पेव्हिंग ब्लॉक बसवले, की पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दुसऱ्या वर्षी फुटपाथवर लाटा उठतात. चर मुरमाने भरायला हवा, 150 मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने ठोकून. त्यावर खडीचा पाया, मग 25 ते 40 मिलिमीटर वाळू. ब्लॉक चालण्यापुरता असेल तर 60 मिलिमीटर जाडीचा, गाडी वर चढणार असेल तर 80. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक सरकतात, सांध्यातली वाळू वाहून जाते, पहिला ब्लॉक डुगडुगतो आणि पायाखाली चिखलाची पिचकारी उडते. एकदा अंगावर पिचकारी उडाली की त्या फुटपाथवर पुन्हा कोण चढतंय!

हातगाड्यांबद्दल एवढंच: 2014 च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण करून विक्रीच्या जागा ठरवून द्यायला सांगितलं आहे. गिऱ्हाईक चालत येतं तिथेच गाडा उभा राहणार. मारुती रोड, हरभट रोडवरून गाडे आज हलवले तर उद्या परत येतील. त्यांच्यासाठी पट्टा आखलेला नसला की ते चालण्याच्या जागेत शिरतात.

"कुठूनही रस्ता ओलांडतात."

माणूस चालताना सेकंदाला साधारण 1.2 मीटर जातो. बसमधून उतरला, समोरच दवाखाना आहे आणि पांढरे पट्टे 80 मीटर लांब चौकात. जाऊन-येऊन 160 मीटर म्हणजे सव्वादोन मिनिटं, वर सिग्नलची वाट वेगळी. तो समोरूनच ओलांडणार, सांगलीकर असो वा जपानी. मध्ये जाळी लावली तर काही दिवसांत तिचे दोन गज वाकलेले दिसतील, आणि ते वाकवणाऱ्यांनी पट्टे कुठे हवे होते ते फुकटात दाखवून दिलेलं असेल. तिथे उचललेलं क्रॉसिंग बांधा: फुटपाथच्या पातळीवर, सपाट माथा अडीच-तीन मीटरचा, गाड्यांसाठी दोन्हीकडे उतार. दुभाजकात थांबायला दोन मीटर रुंदीची जागा ठेवा. सायकलच जवळपास 1.8 मीटर लांब असते. फूटभर दुभाजकावर उभ्या माणसाच्या पाठीला एसटीचा वारा लागतो.

"उलट्या बाजूने गाड्या घालतात."

घालतात, आणि त्यात माणसं मरतात. पण दुभाजक कुठे तोडलाय ते एकदा टेपने मोजा. गल्लीतून बाहेर पडलेल्या दुचाकीला उजवीकडे 100 मीटरवरच्या पेट्रोल पंपावर जायचंय आणि वळायची जागा डावीकडे 400 मीटरवर आहे. नियमाने 900 मीटर, उलट गेलं तर 100. रोज शेकडो लोकांपुढे हा हिशोब ठेवायचा आणि त्यांनी तो चुकीचा सोडवला की रक्ताला दोष द्यायचा, हे काही बरोबर नाही. गल्ल्या आणि गर्दीची ठिकाणं पाहून वळणजागा जवळ आणल्या तर मोह निम्मा होतो. उरलेल्यांना दंड जरूर करा.

"रस्ते रुंद करा."

सांगलीकरांना हे सांगायला नको. शंभर फुटी रस्ता आपल्याच गावात आहे. शंभर फूट म्हणजे 30.5 मीटर. एवढं डांबर सलग सोडलं तर ते ओलांडायला 25 सेकंद लागतात. मोकळं डांबर दिसलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो; वेगमर्यादेचा फलक वाचून गाडी चालवणारे थोडे, समोरची रुंदी बघून चालवणारे बहुतेक. ताशी 30 किलोमीटरच्या वेगात गाडी ब्रेक मारून साधारण 13 मीटरमध्ये थांबते, 50 ला 28 मीटर लागतात. यात चालकाला भान यायला एक सेकंद धरला आहे आणि रस्ता कोरडा.

रुंदीला आमचा विरोध नाही, वाटणी न करता सोडलेल्या रुंदीला आहे. याच शंभर फुटांत हे सगळं बसतं: येण्याजाण्याच्या 3.25 मीटरच्या चार लेन मिळून 13 मीटर, दुभाजक 2 मीटर. उरले साडेपंधरा, म्हणजे बाजूला पावणेआठ. त्यात पार्किंग 2, सायकल 1.8, झाडं-खांब-हातगाड्यांचा पट्टा 1.3, फुटपाथ 2.5, तरी वीतभर शिल्लक. वाटणी केली नाही तर कडेला आधी एक रांग पार्किंग, मग तिच्याबाहेर दुसरी, आणि चालणारा थेट ट्रकच्या चाकाशी. कोंडीबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत काही भागांत 26 लेनचा झाला आणि पुढच्या काही वर्षांत तिथला प्रवासाचा वेळ पुन्हा वाढला.

"स्पीड ब्रेकर ठोका."

ठोकण्याचीच सवय लागली आहे, म्हणून तर मणके जातात. डांबराचा हातभर रुंद, वीतभर उंच ढीग हा गतिरोधक नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकांच्या नियमावलीतला गोल गतिरोधक प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर लांब, मध्यभागी फक्त 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. तो ताशी 25 ला आरामात ओलांडता येतो, त्याहून वेगात गेलं की दणका देतो. करताना प्लायवूडचा साचा आधी कापून घ्यावा, दोन्ही टोकांना जुनं डांबर खरवडून खाच करावी, नाहीतर पातळ कड पहिल्या पावसात उचकटते. 40 मीटर अलीकडे फलक आणि वर पांढरे पट्टे लागतात. कडेला गटारीसाठी हातभर फट सोडली की सगळ्या दुचाक्या तिथूनच घुसतात, नेमक्या चालणाऱ्याच्या अंगावर. पाणी पाइपातून काढा आणि गतिरोधक कर्बपर्यंत न्या.

"दंड दसपट करा."

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड 2,000 वरून 10,000 रुपयांपर्यंत नेला. इतरही बरेच दंड वाढले. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे सरकारी अहवालाने कारण लिहिलं अतिवेग. दारू, मोबाइल, हेल्मेट यांवर दंडच हवा, तिथे फॉरवर्ड बरोबर आहे. वेगाचं तसं नाही. हवालदार चौकात चार तास उभा राहील. कर्बचा दगड रात्री दोनलाही हलत नाही.

प्रभागात पुढचं काम निघेल तेव्हा काँक्रीट ओतण्याआधी एक करता येतं. वळिवाची सर पडून गेल्यावर चौकाचे कोपरे बघा. जिथे एकही चाक फिरत नाही तिथे चिखलाचा त्रिकोण तसाच वाळतो. तेवढं डांबर कुणालाच लागत नाही. त्याच्या कडेने फक्कीची पांढरी रेघ मारा, वाळूची पोती ठेवा आणि पंधरा दिवस वाहतूक चालू द्या. बस आणि ट्रक पोत्यांना न घासता वळले, तर फुटपाथ तिथपर्यंत पुढे आणायला हरकत नाही. घासले, तर पोती अर्धा मीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा.