पाचोळा देता का पाचोळा

कंपोस्ट बिन, म्हणजे घरच्या कचऱ्याचं खत करायचा ड्रम, लावायचा विषय काढला की जो तो ओल्या कचऱ्याबद्दल बोलतो, सुक्या पानांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. ओला कचरा कुठल्याही घरात न मागता तयार होतो. सुका पाचोळा मात्र जमवावा लागतो, आणि तो जमवताना माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो हे मला आता चांगलंच कळलंय.

सुरुवातीचा उत्साह सगळा नवऱ्याचा होता, कारण ड्रमला भोकं पाडायची होती आणि कपाटात पडलेलं ड्रिल मशीन बाहेर काढायला बऱ्याच वर्षांनी घरच्यांकडून अधिकृत परवानगी मिळाली होती. त्याने इतकी भोकं पाडली की ड्रम उरला हेच नशीब. पण ते बरोबरच होतं म्हणा, आतल्या जिवाणूंना हवा लागते, ती नाही मिळाली की दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात आणि मग सडक्या अंड्याचा वास सुटतो. मग त्याने लांब दांड्याचा थर्मामीटर आणला. ढीग नीट पेटला की आत ५५-६० डिग्रीपर्यंत जातो, पण त्यासाठी ढीग निदान मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, आमच्या ड्रममध्ये कसली एवढी ऊब धरतेय. तरी हा रोज जेवायला बसला की आकडा जाहीर करणार, "आज ४१!" पोरीला ताप आला तेव्हा या माणसाने एवढ्या निष्ठेने थर्मामीटर बघितल्याचं मला आठवत नाही.

सासूबाईंनी एकदाच झाकण उघडलं आणि जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असणार. "अगं हे काय वळवळतंय!" जाड, मळकट रंगाच्या अळ्या होत्या, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. मी सांगत होते की आई, या चांगल्या असतात, कचरा भराभर संपवतात, यांची माशी चावत पण नाही, पण तोवर त्या फिनेलची बाटली घेऊन परत आल्या होत्या. ती बाटली हातातून काढून घेताना आमच्या नात्याचं जे काही झालं ते अजून पूर्ण दुरुस्त झालेलं नाही.

पण हे सगळं परवडलं, पाचोळा नाही परवडला. हिशोब असा की एक बादली ओलं टाकलं तर वर दोन-तीन बादल्या सुकं. सुक्या पानांत कार्बन जास्त, ओल्यात नायट्रोजन, आणि दोन्ही मिळून कार्बन २५-३० भाग आणि नायट्रोजन १ भाग असं जमलं तर जिवाणू खूश, नाहीतर जादा नायट्रोजन अमोनिया होऊन थेट नाकात. चिलटं पण ओलं उघडं राहिलं की लगेच हजर. आता रोज एवढी पानं आणायची कुठून? मी पोतं घेऊन सकाळी रस्त्यावर हिंडायला लागले. ओळखीचं कोणी दिसलं की पोतं मागे लपवून मॉर्निंग वॉकचा आव.

आणि शेजारच्या काकांकडे तर भलंमोठं झाड. त्याची पानं आमच्या अंगणात पडतात म्हणून आम्ही कित्येक वर्षं भांडलोय, फांद्या छाटा, पन्हळ तुंबते, सगळं बोलून झालंय. आता त्यांच्याच दारात जाऊन म्हणावं लागलं, "काका, तुमचा पाचोळा मिळेल का?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "कशाला गं?"

मी भाबडेपणाने सगळं सांगितलं, कार्बन काय, थर कसे द्यायचे, मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब यावा इतपतच ओलावा, काही महिन्यांनी ढीग निम्म्याहून खाली बसतो आणि मग पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. काकांनी मन लावून ऐकलं, दोन पोती भरून पण दिली. पुढच्या आठवड्यात कुंपणापलीकडून ड्रिलचा आवाज.

आता काका रोज सकाळी आपलं अंगण झाडतात, आणि ते झाल्यावर फाटक उघडून आमचं. मी अडवलं तर म्हणाले, "झाड माझं, पानं माझी. तूच म्हणायचीस ना, तुमची पानं उचला म्हणून!"