भोपाळचा कारखाना साफ झालेला नाही, आणि तिथून काहीही घरी आणू नका

सध्या एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय, सोबत एका रीलची लिंक. मथळा असा: ‘भोपाळचा शापित कारखाना आता पूर्ण सुरक्षित!’ मजकुराचं सार सांगते. युनियन कार्बाइडचा विषारी वायू चाळीस वर्षांपूर्वीच उडून गेला. उरलेला कचरा सरकारने २०२५ मध्ये नेऊन जाळला. आवारात झाडं वाढलीत, शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. एका केंद्रीय मंत्र्याने तिथला कचरा हातात धरला होता, त्यालाही काही झालं नाही. तेव्हा साधा मास्क नि बूट घालून आत शिरा, व्हिडिओ काढा, आणि आठवण म्हणून प्रयोगशाळेतली एखादी बाटली किंवा जमिनीवर चमकणारे पाऱ्याचे थेंब डबीत भरून आणा. पारा घरात असणं शुभ, हेही वर जोडलंय.

माझा भाचा इंदूरला इंजिनिअरिंग करतो. त्याच्या होस्टेलवर हे पोचलं आणि चारपाच मुलांनी भोपाळला जायचा बेतही आखला. ताईने मेसेज मला पाठवून विचारलं, ‘यात खरं किती?’ तिला फोनवर सांगितलंच, पण ज्या अर्थी तो एका होस्टेलवर पोचलाय त्या अर्थी आणखी शंभर ठिकाणी पोचला असणार. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी पाऱ्याचं, कारण या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ तीच आहे.

कारखान्याच्या जमिनीत पारा आहे, हे खरंच आहे. १९९९ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने तिथले नमुने तपासले, तेव्हा सेव्हिन हे कीटकनाशक बनवणाऱ्या विभागाजवळच्या मातीच्या एका नमुन्यात वजनाच्या १२ टक्के पारा निघाला. पण ‘तिथे पारा आहे’ या वाक्याचा पुढचा भाग ‘म्हणून तो घेऊन या’ असा कसा काय होतो? ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर पारा असायचा. तो फुटला की आमची आई आम्हाला खोलीबाहेर काढायची, आणि तिचं बरोबर होतं. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही हळूहळू हवेत जात राहतो. त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीवर रांगणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांच्या श्वासात आधी जाते. फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि मूत्रपिंडांत. हाताला कंप सुटतो, झोप उडते, चिडचिड वाढते, विसरायला होतं. कॉलेजातल्या मुलाला हे झालं तर घरचे म्हणणार, अभ्यासाचा ताण असेल. डबी देवघरात ठेवलेली आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही.

प्रयोगशाळेतल्या बाटलीचं तेच. चाळीस वर्षांत तिच्यावरचं लेबल गळून पडलंय किंवा वाचता येत नाही. आत काय आहे ते ना आणणाऱ्याला माहीत, ना तिचं बूच उघडून वास घेणाऱ्या मित्राला. या कारखान्यात काय काय वापरलं जायचं त्याची यादी वाचली तरी पुरे: क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, अल्फा नॅप्थॉल, कार्बारिल. हे शोकेसमध्ये मांडायच्या वस्तू आहेत का?

आता ‘कचरा जाळला, विषय संपला’ या मुद्द्याकडे. इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा सीलबंद कंटेनर भरून सुमारे ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला गेला, तिथल्या लोकांचा कडाडून विरोध असताना गेला, आणि जूनअखेरपर्यंत तो जाळून झाला. पण हा कचरा म्हणजे काय? आवारातून गोळा करून, पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवलेला तेवढा. जमिनीत जे मुरलं, खड्डे करून जे पुरलं, ते त्यात धरलेलंच नाही. ते किती, हे सांगणारा अहवाल आपल्या नागपूरच्या ‘नीरी’चा आहे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर केलेल्या या अभ्यासात, २०१० साली, नीरीने साफ करावी लागणारी दूषित माती सुमारे ११ लाख टन धरली आहे. ३३७ आणि ११ लाख. सव्वातीन हजार भागांतला एक भाग गेला आणि मेसेज म्हणतो, ‘पूर्ण सुरक्षित’. हा आकडा कुणा आंदोलकाचा नाही, सरकारी संस्थेचा आहे. उलट वायुपीडितांच्या संघटनांचा आक्षेप असा की नीरीने प्रदूषण कमीच दाखवलं. हा एक अहवाल वाचला असता तरी रील बनवणाऱ्याला तो मथळा देता आला नसता.

वायू उडून गेला, हेही खरं. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे त्या रात्री गळलेला वायू, हवेत वर्षानुवर्षं टिकत नाही, पाण्याशी त्याची झपाट्याने अभिक्रिया होते. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जो अनर्थ झाला, तो त्यामुळेच. पण आज तिथे जाणाऱ्याला धोका त्या वायूचा आहे, असं म्हणतंय कोण? धोका आहे तो १९६९ पासून कारखाना चालू असताना रोज बाहेर पडलेल्या टाकाऊ मालाचा, जो त्या रात्रीच्या आधीच जमिनीत जात होता. बाष्पीभवनासाठी बांधलेली तळी १९८२ मध्येच गळत होती आणि कंपनीला ते ठाऊक होतं.

झाडं, शेळ्या आणि क्रिकेट. झाड हिरवं दिसतं म्हणून खालची माती शुद्ध ठरत नाही. आणि ती पोरं तिथे खेळतात ती जागा सुरक्षित आहे म्हणून नव्हे, त्यांना दुसरं मैदान नाही म्हणून. भिंतीपलीकडच्या वस्त्यांनी वर्षानुवर्षं त्याच दूषित जमिनीतलं हातपंपाचं पाणी प्यायलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की या लोकांना बाहेरून शुद्ध पाणी पुरवा. २००९ मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेला तीन किलोमीटरवरच्या भूजलातही त्या रसायनांचे अंश सापडले. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय त्यांच्याच मुलांना ‘बघा, काही होत नाही’ याचा पुरावा म्हणून रीलमध्ये दाखवायचं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

मंत्र्यांचा किस्सा २००९ चा. जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना त्यांनी तो कचरा हातात घेतला आणि आपण जिवंत आहोत, खोकतही नाही, असं म्हणाले. तेव्हाही त्यावर टीका झाली होती. मिनिटभर हातात धरून कुणी तिथल्या तिथे कोसळत नाही. असलं विष वर्षांच्या हिशेबाने काम करतं.

मास्कबद्दल थोडक्यात. कापडी मास्क असो वा एन-९५, तो धूळ अडवतो, पाऱ्याची किंवा क्लोरोफॉर्मची वाफ नाही. शिवाय गंजलेले जिने आणि जाळीचे मजले चाळीस पावसाळे खाऊन उभे आहेत, तिथून पडलं तर मास्कचा काय उपयोग? आत जायला सरकारी परवानगी लागते. ती घेऊन पत्रकार, अभ्यासक जातात, तासाभराने सुखरूप परत येतात, हे मी नाकारत नाही. पण ते खिशात काही घालून आणत नाहीत.

माझ्या भाच्याने बेत रद्द केलाय. त्याच्याच कॉलेजातली काही मुलं मात्र आधी जाऊन आलीत, असं तो सांगतो. त्यांच्यासाठी आणि इतरही कुणी जाऊन आलं असेल तर त्यांच्यासाठी: तेच बूट घालून घरात फिरू नका, तळव्याच्या खाचांत माती असते. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. पारा आणला असेल तर तो बेसिनमध्ये ओतू नका, सांडला असेल तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, त्याने तो आणखी पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. डबी किंवा बाटली न उघडता घट्ट झाकणाच्या दुसऱ्या भांड्यात बंद करा आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. आणि डॉक्टरांना काही लपवून न ठेवता सांगा की आपण कुठे गेलो होतो. लघवीच्या तपासणीत पारा कळतो, पण ती तपासणी करायची हे डॉक्टरांना सुचायला तरी हवं.