वैशाखात बर्फ

हिमालयातला बर्फ मार्च एंडवाल्यांसाठी पडतच नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. काश्मीरचं गुलमर्ग घ्या नाहीतर उत्तराखंडचं औली, स्कीइंगचा खरा हंगाम डिसेंबरअखेर सुरू होतो आणि मार्चमध्ये आटोपतो. आमच्या घरी जानेवारीत मुलीचं गॅदरिंग, फेब्रुवारीत मुलाची स्कॉलरशिपची परीक्षा, मार्चमध्ये मी अकाउंट्सवाला असल्यामुळे घरी फक्त झोपायला येतो, आणि त्यानंतर शाळेची वार्षिक परीक्षा एप्रिल संपत आला तरी संपत नाही. थोडक्यात, ठाण्याच्या नौपाड्यातलं हे कुटुंब बर्फावर जायला मोकळं होतं ते गोखले रोडवर हापूसच्या पेट्या लागल्यावर. तरीही यंदा स्कीइंगच, असं बायको आणि मुलांनी ठरवून टाकलं. घरात लोकशाही असल्यामुळे मला ते नंतर कळवण्यात आलं.

लगेच पुण्याचा मेहुणा कामाला लागला. त्याने लग्नाआधी औलीला कोर्स केला आहे. तेव्हापासून तो कुठल्याही उताराकडे, अगदी कात्रजच्या घाटाकडेही, गुडघे किंचित वाकवून बघतो. त्याने ‘स्की गँग’ नावाचा ग्रुप काढला आणि पहिलाच मेसेज टाकला, “जिजू, आधी बेस किती आहे ते बघा.” बेस म्हणजे जमिनीवर साचलेल्या बर्फाची जाडी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी ‘ठीक आहे’ असं उत्तर देऊन बसलो होतो.

वसंतातला बर्फ, त्याने समजावलं, रात्री गोठतो. सकाळी तो इतका कडक असतो की पडलं तर लागतं. ऊन चढलं की वरचा थर सैल होतो आणि मग तास-दोन तास बर्फ असा काही जमून येतो की विचारू नका. दुपारी लगदा. “म्हणजे नऊच्या आत बूट चढवून स्लोपवर!” आम्ही महाबळेश्वरला सूर्योदय बघायला जातो तेव्हा चहाच्या टपरीवाला सांगतो, आज फार छान झाला म्हणून. अशा घराला तो नऊची वेळ देत होता.

मग जागा. गुलमर्गच्या गोंडोलाचे, म्हणजे रोपवेचे, दोन टप्पे. पहिला कोंगडोरीला, साधारण ३,००० मीटरवर सोडतो. दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० च्या वर. मेमध्ये खाली हिरवळ आणि मेंढ्या. बर्फ उरतो तो वर, आणि वरचे उतार मुरलेल्या लोकांचे. शिवाय वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. म्हणजे आम्हाला जमेल तिथे बर्फ नाही, बर्फ आहे तिथे आम्हाला जमणार नाही. खरं तर हिवाळ्यातही आता भरवसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये बर्फच पुरेसा नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. देशभरच्या खेळाडूंना जो फेब्रुवारीत मिळाला नाही तो बर्फ मला मेमध्ये, तीन खोल्यांसकट, सवलतीत हवा होता.

औलीला बर्फ तयार करायची यंत्रं आहेत म्हणे, असं मी ग्रुपवर टाकलं. मेहुण्याचं उत्तर आलं की कृत्रिम बर्फालासुद्धा थंडी लागते. उरली मनाली. तिथे रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर, त्यामुळे मेमध्येही बर्फाची आशा. पण रस्ता उघडायला हवा, गाडीला परमिट हवं, दिवसाला गाड्या मोजून सोडतात आणि मंगळवारी देखभालीसाठी बंद. तिथलं स्कीइंग कसं असतं तेही मेहुण्याने न विचारता सांगितलं. एक माणूस भाड्याचे गमबूट नि ओव्हरकोट घातलेल्या तुम्हाला स्कीवर उभं करतो, हाताला धरून चार पावलं ओढत नेतो, फोटो काढतो आणि पुढच्याला बोलावतो. मला हे फारच आवडलं, पण तसं बोलून दाखवलं नाही.

आता सगळा भार हवामानावर. आपल्याकडे पाऊस जसा नैऋत्येकडून येतो, तसा हिमालयातला बर्फ पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं, आणतात. हे भूमध्य समुद्राकडे उगम पावतात आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर-हिमाचलला पोहोचतात. गणपतीत कोकणातल्या गाडीची चौकशी करावी तशी आम्ही त्यांची चौकशी करत होतो. कुठवर आलाय? उशिरा आहे का? नौपाड्यात पंखा पाचवर, गंजिफ्रॉक पाठीला चिकटलेला, आणि बायको उत्साहाने ओरडायची, “अहो, परवा एक येतोय!” येतोही तो. पण एप्रिल-मेमध्ये हाच गृहस्थ उंचावर बर्फ देतो आणि खाली नुसता पाऊस. पाऊसच बघायचा तर जूनमध्ये गॅलरीत खुर्ची टाकली की झालं.

मनालीच्या हॉटेलवाल्याला मी फोन केला. “भैया, अभी बरफ है?”

“सर, आप आइए तो सही.”

“वो आएंगे, लेकिन बरफ?”

“मिलेगा सर, क्यों नहीं मिलेगा!”

मी आजचा फोटो मागितला. दोन मिनिटांत आला. पांढराशुभ्र उतार, हसरी गर्दी. बायकोने खोलीचं भाडं विचारायला घेतलं एवढ्यात मुलीने फोटो मोठा केला. “बाबा, सगळ्यांच्या तोंडावर मास्क आहेत.” खरंच होते. हनुवटीवर ओढलेले, पण होते. मी हॉटेलवाल्याला विचारलं की हा कोविडच्या वेळचा फोटो ना? तो जराही न गडबडता म्हणाला, “सर, बरफ तो वही है.”

दरम्यान कपड्यांची खरेदी. एप्रिलमध्ये ठाण्यात थर्मल मागणाऱ्याकडे दुकानदार आधी सहानुभूतीने बघतो. “लेहला बदली झाली का साहेब?” मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं. वरून डांबराच्या गोळ्यांचा वास सोडत एक जॅकेट आलं. मुलाने ते चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी वर घेतली. अर्ध्या मिनिटात त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला, तिथे थोडा रेंगाळला आणि चेनवर पडला. सीझन नाही, तर काही कमी करा, असं बायको म्हणाली. दुकानदार म्हणाला, सीझन नाही म्हणूनच एकच पीस आहे. या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

घरी सराव सुरू झाला. मेहुणा व्हिडिओ कॉलवरून: पायांची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवा, बघायचं समोर. हॉलच्या लादीवर मोजे घालून आम्ही चौघं तसे उभे. आईने पोथी बाजूला ठेवून हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, “पडायचं ते इथेच पडून घ्या. तिकडे पैसे मोजून कशाला?”

घोडं खरं अडलं ते तिकिटांपाशी. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. बर्फाचा अंदाज जेमतेम आठवडाभराचा, त्यातही शेवटच्या दिवसांवर कोणी पैज लावणार नाही. मधले सगळे दिवस निव्वळ श्रद्धेवर काढायचे. श्रद्धा हा शब्द निघाला आणि आईने हिशेबात लक्ष घातलं.

“बद्रीनाथाचे दरवाजे कधी उघडणार ते वसंत पंचमीलाच ठरतं. टिहरीच्या राजाच्या नरेंद्रनगरच्या वाड्यात तारीख जाहीर करतात. तुमच्या बर्फाची झाली का?”

कोणी बोललं नाही. आईने पुढे सांगितलं की औलीच्या खालचं जोशीमठ म्हणजेच नरसिंहाचं स्थान, तिथून बद्रीनाथ पंचेचाळीस किलोमीटर, आणि तेही दहा हजार फुटांवर, म्हणजे आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ दिसेलच. “लांबून दिसेल. पण दिसेल. तुमच्या त्या भैयाच्या फोटोसारखा मास्कच्या वेळचा नाही.”

आईने माहिती इतकी तयार ठेवली होती की हा कट जुना असावा. मुलांनी जोशीमठहून औलीला एक फेरी, ही अट घातली. मेहुणा नाराजीने गप्प झाला. बायकोने यात्रेचं रजिस्ट्रेशन केलं आणि मी हरिद्वारची तिकिटं काढली. कन्फर्म.

परवा मनालीचा भैया उगवला. “सर, कल रात को गिरा है.” सोबत फोटो. मुलीने कोपरा न् कोपरा तपासला. मास्क नाहीत. एका गाडीवर यंदाच्या आयपीएलचं स्टिकरसुद्धा सापडलं. घरात आता उघड दोन तट पडले आहेत. मेहुणा पुन्हा बोलू लागला आहे, आणि हरिद्वारची तिकिटं रद्द केली तर किती कापतात याची मला हळू आवाजात विचारणा झाली आहे. मीही हिशेब करून ठेवलाय. पण आईने तिकिटाची प्रिंट काढून घेऊन देवघरात बद्रीनाथाच्या तसबिरीमागे ठेवली आहे, तिथे तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि पीएनआर आमचा सगळ्यांचा एकच आहे.