कलम 17 आणि आमची जुनी पापं

भाच्याने परवा त्याचं नेमणूकपत्र पाठवलं. चौदा पानी पीडीएफ. कंपनीने दोन महिन्यांचा पगार अडकवलाय, वर राजीनामाही लिहून घेतलाय. मी म्हटलं, कामगार आयुक्तांकडे जा. तर म्हणतो, "मामा, जाताच येत नाही. कलम 17 वाच. सगळे वाद लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या खासगी पंचाकडे, लवाद कंपनीच नेमणार, सुनावणी बंगळुरूला. आणि मी सही केलीय."

वाचलं आणि ओशाळलो. वीस वर्षं एचआरमध्ये काढली, हाच परिच्छेद मी शेकडो पत्रांत चिकटवलाय. मुख्य कार्यालयातून नमुना यायचा, आम्ही फक्त शहराचं नाव बदलायचो. (एकदा तेही राहून गेलं. पुण्यातल्या अकाउंट्सच्या पोराच्या पत्रात वादाचं ठिकाण टेक्सास छापलं गेलं. कोणी विचारलं नाही, कारण कोणी वाचलंच नव्हतं.)

नमुना अमेरिकेचा, आणि तिथे तो चालतोही. 2018 मध्ये एपिक सिस्टिम्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की एकेकट्याने लवादाकडे जायचं असं लिहून दिलं असेल तर नोकरदारांना मिळून दावाही लावता येणार नाही. लैंगिक छळाच्या प्रकरणांत कोर्टाची वाट मोकळी व्हायला 2022 चा वेगळा कायदा लागला.

आपल्याकडे तसं नाही. किंगफिशरने पगार थकवले तेव्हा वैमानिक मुंबईच्या कामगार न्यायालयात गेले. कंपनीने करारातलं लवादाचं कलम पुढे केलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते मानलं नाही. औद्योगिक विवाद कायद्याने दिलेले हक्क त्या कायद्याच्या न्यायालयांपुढेच ठरायचे, खासगी लवादापुढे नाही. 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयही त्याच वाटेने गेलं. म्हणजे भाच्याच्या कंपनीला बंगळुरूसुद्धा कामाचं नाही.

मेख एकच. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'ला. इथेच शिकलेली माणसं फसतात. आपण कामगार? छे, आपण तर मॅनेजर! पण कायदा व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, रोजचं काम बघतो. पगाराची मर्यादा (औद्योगिक विवाद कायद्यात 10,000, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत 18,000) फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागू. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला ती लागत नाही. वैमानिकांचे पगार काय कमी होते?

खरोखर व्यवस्थापक असाल तर मात्र कलम बांधतं. तरी लवाद कंपनीने एकटीने नेमायचा हे चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच पर्किन्स ईस्टमन खटल्यात ते सांगून ठेवलंय. पण लवादाची फी भरा, वकील करा, आणि जिंकलात तरी हाती बहुधा नोटीस काळाचा पगार. कामगार न्यायालय नोकरीवर परत घ्यायला लावू शकतं, तसं तिथे होत नाही.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं समजू नका. वकील स्वच्छ सांगायचे, कामगारांच्या बाबतीत हे टिकणार नाही. साहेब म्हणायचे, "असू दे हो, वाचून चार जण तरी घरी परततील." परतायचेही.

माझा लवादाला विरोध नाही. भांडण झाल्यावर दोघांनी मिळून पंच ठरवला तर उत्तमच, औद्योगिक विवाद कायद्याच्या 10-अ मध्ये ती सोय होतीच. पण नोकरी लागल्याच्या आनंदात, पेढ्यांचा पुडा शेजारी ठेवून केलेल्या सहीला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाच्याला म्हटलं, पगाराच्या स्लिपा काढ, दिवसभर काय काम करतोस ते दाखवणारे मेल काढ. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' आहे. विचारलं, हाताखाली किती माणसं?

"एकही नाही. माझी स्वतःची रजासुद्धा दोघांकडून मंजूर करून घ्यावी लागायची."

सोमवारी जातोय.