ग्रीक माणसाला इंग्रजी आयतीच येते का?

इंग्रजीत हजारो शब्द ग्रीक मूळचे असल्यामुळे ग्रीक माणसाला ती भाषा आयतीच येते आणि तरीही तो चुकला तर तो निव्वळ निष्काळजीपणा, असा मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. पुरावा म्हणून बँक ऑफ ग्रीसचे तत्कालीन गव्हर्नर क्सेनोफोन झोलोटास यांची १९५७ आणि १९५९ मधील वॉशिंग्टनची इंग्रजी भाषणे दाखवतात, कारण त्यांतले जवळपास सगळे वजनदार शब्द ग्रीक मूळचे होते.

भाषणे खरी आहेत. निष्कर्ष मात्र उलटा काढला आहे. वाक्य जोडणारे 'द', 'ऑफ', 'इज' हे चिल्लर शब्द झोलोटास यांनाही इंग्रजीचेच घ्यावे लागले, आणि ग्रीक विद्यार्थी अडखळतो तो बहुतेक वेळा तिथेच. त्याच्या भाषेत 'जीवन', 'प्रेम' अशा भाववाचक नामांनाच काय, माणसाच्या नावालाही निश्चित उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) लागते. त्यामुळे तो 'द लाइफ इज ब्यूटिफुल' म्हणतो. उलट, व्यवसाय सांगताना ग्रीकमध्ये उपपद येत नाही, म्हणून 'आय अ‍ॅम डॉक्टर'. पैशाचा रोजचा शब्द तिकडे अनेकवचनी, म्हणून 'द मनी आर'. तीनही ठिकाणी नियम पाळलेला आहे, फक्त तो मायबोलीचा आहे.

सारख्या शब्दांची मदत होते, हा दावा अर्धाच खरा आहे. शास्त्रीय परिभाषेत ती होते; रोजच्या बोलण्यात तेच शब्द दगा देतात. ग्रीकमध्ये 'सिम्बाथितिकोस' म्हणजे लाघवी, आवडण्याजोगा माणूस, तेव्हा ग्रीक विद्यार्थी कुणाला 'सिम्पथेटिक' म्हणाला, तर त्यात सहानुभूती असेलच असे नाही. 'एम्बाथिया'चा आजचा अर्थ तर आकस, म्हणजे इंग्रजी 'एम्पथी'च्या थेट विरुद्ध. हिंदीतली आणि मराठीतली 'शिक्षा' ठाऊक असलेल्याला याचे नवल वाटू नये (पूर्वी दोन्ही एकाच वर्गात मिळत).

उच्चारांबद्दल थोडक्यात: 'थिंक'मधल्या ज्या व्यंजनाशी आपण झगडतो, ते ग्रीकांना जन्मजात येते, पण त्यांचे स्वर पाचच आणि 'श' नाही, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' दोन्ही 'सिप' होऊन बसतात.

राहिला निष्काळजीपणाचा आरोप. इंग्रजी प्रश्नाच्या शेवटी अर्धविराम दिसला की परीक्षक लाल रेघ ओढणारच. पण ग्रीक लेखनात प्रश्नचिन्ह त्याच आकाराचे असते, आणि विद्यार्थ्याने ते अगदी जाणूनबुजून, योग्य जागी दिलेले असते.