सासवडहून पुण्याला, उलट्या वाटेने

मागच्या शनिवारी सासवडहून पुण्याला चालत आले. तिसेक किलोमीटर. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, पण हे आजच लिहायचं आहे.

करोनाची दोन वर्षं सोडली तर गेली ११ वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर पुणे-सासवड टप्पा चालते. तोच रस्ता एकदा साध्या दिवशी चालून बघायचा, असं फार दिवस मनात होतं. मावशी एकटी नको म्हणून भाचा सोबत आला. पहिल्या बसने सासवड गाठलं, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि साडेसहाला चालायला लागलो. थंडी अशी की झेंडेवाडीपर्यंत हात खिशातून बाहेर काढवेना. रस्त्याच्या कडेला एक बाई पाटीत अंजिरं लावत होत्या. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे हे खरं, पण दहिवरातलं गार अंजीर चालता चालता खाण्यात जे आहे ते मानांकनात कुठून यायचं! पैसे देताना त्यांनी विचारलं, "गाडी बंद पडली का हो, ताई?"

दिवसभरात हा प्रश्न पाच वेळा आला. दोन मोटारसायकलवाले आणि एक टेम्पोवाले दादा तर थांबून "बसा, सोडतो" म्हणाले. माणसं चांगलीच आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चालत निघालेल्या माणसाची गाडीच बंद पडली असणार, असं सगळ्यांना वाटतं. आषाढीच्या आधी याच रस्त्यावर, याच पायांनी चालताना लोक मला "माउली" म्हणतात, वाकून नमस्कार करतात, केळं हातात देतात.

दिवे घाट मी नेहमी चढलेय, उतरले पहिल्यांदाच. वारीत इथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि टाळांपुढे स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. परवा रुंदीकरणाचं काम चालू होतं, डोंगराची कापलेली बाजू ओली, तांबडी दिसत होती. खाली मस्तानी तलाव. वळणावर डंपर आला की आम्ही दोघं पाठ कठड्याला लावून उभे राहायचो आणि तो गेला की तोंडातली धूळ थुंकून पुढे. "मावशी, उजवीकडूनच चाल, समोरचं दिसतं," हे भाच्याने मला निदान वीस वेळा सांगितलं. बरोबरच होतं त्याचं.

घाट उतरून वडकीत आलो तर सकाळची शाळा सुटलेली. सहा मुली समोरून येत होत्या, पाचवी-सहावीतल्या असतील. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, एकीमागे एक. साइडपट्टीवर खडीचे ढीग आणि उभे ट्रक, म्हणून पट्टीवरून. सगळ्यात मागची मुलगी दर चार पावलांनी मान वळवून मागे बघायची आणि गाडी दिसली की "आली गं!" म्हणून ओरडायची. ते ऐकलं की पुढच्या पाचही जणी चालता चालता अंग चोरायच्या. थांबत नव्हत्या, घाबरतही नव्हत्या. रोजचंच. मी विचारलं, मागे कोण चालणार हे कसं ठरतं? म्हणाली, "पाळी आहे, काकू. आज माझा वार."

दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी आपापसांत पहाऱ्याच्या पाळ्या लावल्यात.

तिथून पुढे उरुळी देवाची, मंतरवाडी फाटा, भेकराईनगर. सगळीकडे गोदामांत आणि दुकानांत कामाला निघालेली माणसं पायी होती. म्हणजे चालणारे आहेतच, त्यांच्यासाठी रस्ता तेवढा नाही. बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह म्हणाल तर हडपसरपर्यंत मला एक दिसलं नाही. एका हॉटेलवाल्या काकूंनी घरात नेलं, म्हणून निभावलं.

गाडीतळावर चहा घेतला. इथेच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबांची लोणी काळभोरकडे आणि माउलींची सासवडकडे. पुढे पदपथ आहे, पण त्यावर विजेची डीपी, जाहिरातीचा खांब, दर वीस पावलांवर कुणाच्या तरी गेटचा उतार. चढ-उतर करून माझे गुडघे घाटात दुखले नाहीत तेवढे फातिमानगरपर्यंत दुखले. पथारीवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं भारतीय रस्ते काँग्रेसचा निकष सांगतो. हडपसर ते पूलगेट एवढी जागा सलग मिळाली, असं दोनशे पावलंसुद्धा झालं नाही.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. मी जाते, मला आवडतो. आळंदी-पंढरपूर पालखी महामार्गाचं भूमिपूजन झालं तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायवाट करणार असं जाहीर झालं, त्याचाही फार आनंद झाला होता. माझं मागणं एवढंच आहे की ती पायवाट बाराही महिने पायवाटच राहू दे. तिच्यावर ट्रक लागू नयेत, खडी पडू नये, आणि ती वस्तीत, शाळेसमोर तुटू नये. जी जागा माउलींसाठी निघते ती त्या सहा मुलींसाठी निघायला काय हरकत आहे?

सव्वासहाला भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळाशी पोचलो. भाच्याच्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता.

येत्या शनिवारी आम्ही दोघं टेप घेऊन वडकी नाला ते मंतरवाडी फाटा मोजणार आहोत. कुठे किती साइडपट्टी शिल्लक आहे, कुठे काय पडलंय, सगळं फोटोसकट लिहून रीतसर अर्ज देणार. कुणाला यायचं असेल तर सकाळी ७ वाजता भेकराईनगरच्या बस स्टॉपवर या. पाणी, टोपी आणि जाड तळव्याचे बूट आणा.